बेस स्टेशन नको, ठीक आहे, पण घड्याळ कोणाचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत सांगतो म्हणजे नंतर घोळ नको. साखर कारखाना आहे, मिल हाऊसपासून बॉयलर आणि बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) यार्डपर्यंत साधारण ६० ठिकाणी बेअरिंगचं टेंपरेचर आणि व्हायब्रेशन घ्यायचंय, केन यार्डात एकाच गँट्रीवर दोन क्रेन आहेत त्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून एकीची पोझिशन दुसरीला कळायला हवी, यार्डात लोडर फिरतात, आणि माणसांकडे वॉकी-टॉकी द्यायचेत. एक वेंडर प्रायव्हेट ५जीचं, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या मोबाइल नेटवर्कचं, कोटेशन देऊन गेलाय, दुसरा म्हणतो साहेब टॉवरबिवर काही नको, आमची यंत्रं आपापसात बोलतात, बेस स्टेशनच लागत नाही. आणि तुम्ही विचारताय की हा दुसरा फेकतोय का.

फेकत नाहीये, फक्त अर्धंच सांगतोय. मी अठरा वर्षं हेच करतोय, रसायनाचे कारखाने, फाउंड्री, चार-पाच साखर कारखाने, त्यामुळे उरलेलं अर्धं मी सांगतो.

बेस स्टेशन नसलेला रेडिओ तुमच्याकडे आजही आहे, क्रेनचा रिमोट. ऑपरेटरच्या पोटावर ट्रान्समीटर, क्रेनवर रिसीव्हर, मधे कोणी नाही. दोघंच जण असतील तर काही प्रॉब्लेमच येत नाही. तिसरा, दहावा, साठावा आला की मजा सुरू होते, कारण हवा एकच आहे आणि दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं. बेस स्टेशन हे नुसतं सिग्नल लांब फेकायचं यंत्र आहे असं लोकांना वाटतं. त्याचं खरं काम वाटणीचं असतं, कोणी कधी बोलायचं, कोणत्या चॅनेलवर बोलायचं, आणि सगळ्यांची घड्याळं एकसारखी ठेवायची. तुम्ही साखरेतले आहात म्हणून सांगतो, ऊसतोडीच्या टोळीतून मुकादम काढून टाकला तरी आज कोणता फड तोडायचा आणि गाडी कुठे लावायची हे कुणीतरी ठरवणारच, नाहीतर सकाळी अर्धी टोळी एका फडात आणि अर्धी बांधावर बसलेली. रेडिओतही तेच. खोकं काढता येतं, मुकादमाचं काम काढता येत नाही. तेव्हा वेंडरला पहिला प्रश्न रेंजचा विचारू नका, पहिला प्रश्न हा विचारा की तुमच्या सिस्टिममधे घड्याळ कोणाचं चालतं आणि पाळी कोण ठरवतं. त्याला उत्तर देता आलं नाही तर चहा पाजून निरोप द्या.

घड्याळाची किंमत किती ते आकड्यात सांगतो. १९७१ साली हवाई विद्यापीठात अलोहानेट सुरू झालं, बेटांवरच्या टर्मिनलांनी रेडिओवरून कॉम्प्युटरशी बोलायचं, ज्याला बोलायचंय त्याने बोलून टाकायचं, धडकलं तर थोडं थांबून परत बोलायचं. या पद्धतीत कितीही नशीब चांगलं असलं तरी सरासरीने चॅनेलचा १८.४ टक्केच उपयोग होतो, त्याच्या वर जातच नाही. मग एवढाच बदल केला की बोलायचं ते ठरलेल्या ठोक्यावरच सुरू करायचं, अधेमधे नाही, तर तोच आकडा ३६.८ झाला. दुप्पट! पाळी अजून कोणी ठरवलेली नाही, नुसतं घड्याळ एक केलं तर दुप्पट. माझ्याकडे नवीन पोरं येतात त्यांना पहिल्या दिवशी मी हेच सांगतो, बाकी अँटेनाबिँटेना नंतर.

आता तुमचे ६० पॉइंट. याला जगात सगळ्यात जास्त घासून-पुसून तयार झालेली गोष्ट म्हणजे वायरलेसहार्ट, कारखान्यातल्या सेन्सरसाठीचं वायरलेस स्टँडर्ड. २००७ साली आलं, २०१० मधे आयईसी ६२५९१ म्हणून आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं. २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, १५ चॅनेलवर सतत उड्या मारत, आणि प्रत्येक ट्रान्समीटर स्वतःचं रीडिंग पाठवतो तसंच शेजाऱ्याचंही पुढे ढकलतो, यालाच मेश म्हणतात आणि त्यातलं प्रत्येक यंत्र म्हणजे नोड. टॉवर नाही, मधले ॲक्सेस पॉइंट नाहीत, वेंडर बरोबर बोलतोय. पण सगळी रीडिंग गोळा करणारी गेटवेची पेटी असते आणि त्या पेटीत नेटवर्क मॅनेजर नावाचा मुकादम बसलेला असतो, तो १०-१० मिलिसेकंदांचे स्लॉट पाडतो आणि कोणत्या स्लॉटला कोण बोलणार, कोण ऐकणार हे सगळं लिहून देतो. बाकीचे त्या वेळेपुरते जागे होतात आणि परत झोपतात, म्हणून बॅटरी टिकते.

इथे एक हिशोब करून बघा, वेंडरसमोरच करा. १० मिलिसेकंदाचा स्लॉट म्हणजे सेकंदाला १०० स्लॉट. गेटवेला एकच रेडिओ असेल तर तो एका स्लॉटला एकाचंच ऐकतो. ६० ट्रान्समीटर, प्रत्येकाला एक स्लॉट बोलायला आणि एक राखीव परत प्रयत्नाला, म्हणजे १२०. दर १० सेकंदाला एक रीडिंग हवं असेल तर १००० पैकी १२० स्लॉट गेले, आरामात बसतं. पण तुमच्या मेलमधे कोणीतरी 'अपडेट रेट १ सेकंद' लिहिलंय, तो माणूस कोण आहे मला माहीत नाही, पण १०० मधे १२० कसे बसवायचे हे त्याला विचारा. केन यार्डात हजार गाड्या उभ्या असल्या तरी गव्हाणीत, म्हणजे मिलला ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, जेवढा ऊस जातो तेवढंच गाळप होतं, तसंच आहे हे. मेशमधे नोड वाढवले की रस्ते वाढतात पण गव्हाण वाढत नाही, ती वाढवायची तर दुसरा गेटवेच लावावा लागतो. आणि सगळे सगळ्यांशी बोलणार, गेटवे नकोच, असं जर कोणी म्हणालं तर तिथे हिशोब अजून वाईट, गुप्ता आणि पी. आर. कुमार या संशोधकांनी २००० साली गणिताने दाखवून दिलंय की अशा नेटवर्कात नोड चौपट केले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी हवा निम्म्याहूनही कमी होते. त्यामुळे 'जितके जास्त नोड तितकं नेटवर्क मजबूत' हे वाक्य रस्त्यांच्या बाबतीत खरं आणि क्षमतेच्या बाबतीत खोटं आहे.

व्हायब्रेशनबद्दल एक, कच्ची वेव्हफॉर्म यातून ओढायचा हट्ट करू नका. ४०९६ सॅम्पल, प्रत्येकी दोन बाइट, झाले ८ हजारांच्या वर, आणि या रेडिओची अख्खी फ्रेमच १२७ बाइटची, त्यातून हेडर वगैरे जाऊन समजा ८० उरले तर एका बेअरिंगच्या एका वेव्हफॉर्मला शंभरच्या वर पॅकेटं, तीही प्रत्येक हॉपला, म्हणजे एका नोडवरून पुढच्यावर जाताना, परत. सेन्सरनेच आतल्या आत आरएमएस (सरासरी जोर) आणि पीक (सगळ्यात मोठा धक्का) काढावं आणि तेवढंच पाठवावं, वेव्हफॉर्म रात्री एकदा किंवा शंका आली तर मागवा.

आता बगॅस यार्डाचा किस्सा सांगतो, तो ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. कारखान्याचं नाव घेत नाही. ऑगस्टमधे सर्व्हे केला, ऑफ सीझन, ओव्हरहॉलिंग चाललेलं, यार्ड साफ मोकळं, या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा वॉचमन तंबाखू मळताना दिसायचा. २.४ गिगाहर्ट्झचे नोड यार्डाच्या दोन्ही बाजूंना, सगळ्यांना सगळे दिसतायत, सिग्नल असा की मीच खूश. हंगाम सुरू झाला, मोळी पडली, डिसेंबरपर्यंत छान चाललं. जानेवारीत ढीग दोन मजल्यांच्या वर गेला. मिलमधून निघालेल्या बगॅसमधे निम्मं पाणी असतं हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण रेडिओच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की यार्डात तुम्ही ओल्या स्पंजची भिंत बांधलीय. आरपार जाणाऱ्या सगळ्या लिंक एकेक करून मेल्या.

आणि नेटवर्क बंद पडलं नाही, हीच तर गंमत. मेशने आपलं काम चोख केलं, नवीन रस्ते शोधले, आणि सगळे रस्ते एकाच नोडवरून गेले, कन्व्हेयर गॅलरीत उंचावर लावलेला, कारण तोच एकटा ढिगाच्या वरून दोन्हीकडे बघत होता. स्क्रीनवर सगळं हिरवं. कुणालाच पत्ता नाही. फेब्रुवारीत एका रात्री पावणेतीनला शिफ्टमधून फोन, यार्डाकडचे एकोणीसच्या एकोणीस पॉइंट एकदम गेले. दुसऱ्या दिवशी गॅलरीत चढलो, नोड उघडला, बॅटरी खलास. १९ अँपिअर-तासाचा लिथियमचा सेल, पाच वर्षं चालेल असं मीच लिहून दिलेलं. तो हिशोब सरासरी ०.४ मिलिअँपिअरवर होता, तेवढ्यावर खरंच पाच वर्षं जातात. पण एकोणीस जणांचं ओझं वाहायला लागला की तो झोपतोच कधी, सतत ऐकतोय आणि पुढे पाठवतोय, सरासरी २० मिलिअँपिअरवर गेली की १९ भागिले ०.०२ म्हणजे ९५० तास, जेमतेम ४० दिवस, त्यात गॅलरीतलं ऊन. सेलचा दोष नव्हता, माझा होता.

तेव्हापासून माझे नियम बदलले. सर्व्हे ऑफ सीझनमधे करावाच लागला तर आधी मागच्या मार्चमधला ढिगाचा फोटो मागतो, आणि नोड ढिगाच्या माथ्याच्या वर बसतील असे धरतो. प्रत्येक नोडला किमान तीन शेजारी आणि गेटवेला थेट दिसणारे किमान पाच नोड, हा नियम या धंद्यात जुनाच आहे, पण मी त्यात भर घालतो की एकेक नोड मुद्दाम बंद करून बघायचा आणि कोण अनाथ होतं ते लिहून ठेवायचं. जिथून गर्दी जाणार हे उघड दिसतंय तिथे बॅटरीचा नोड लावायचाच नाही, मेन्सवर चालणारा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुढे पाठवणारा नोड, लावायचा. आणि तो लाइटिंगच्या सर्किटवर जोडू नका! इलेक्ट्रिशियन सकाळी सहाला गॅलरीच्या दिव्यांचा एमसीबी पाडतो, मग दिवसभर नेटवर्क नाही आणि रात्री आपोआप चांगलं, असा भुताटकीसारखा फॉल्ट मी तीन दिवस शोधलाय.

घड्याळाचा मुद्दा इथेही येतो. नोडच्या घड्याळाला ठोके देणारा क्रिस्टल दहा लाखात वीसने पुढेमागे असतो, दोन नोड उलट्या दिशेने भरकटले तर सेकंदाला ४० मायक्रोसेकंदांचा फरक, ३० सेकंद एकमेकांना भेटलेच नाहीत तर १.२ मिलिसेकंद. ऐकणारा स्लॉटमधे साधारण २.२ मिलिसेकंदच कान उघडा ठेवतो, म्हणजे पुढे-मागे १.१. संपलं, तुम्ही बोलताय तेव्हा तो झोपलाय. म्हणून हे नोड सतत एकमेकांकडून वेळ जुळवत असतात, आणि बॉयलरच्या अंगाला लावलेला नोड गरम होऊन जास्त भरकटतो. सेन्सर गरम जागी असू दे, रेडिओ केबलने दोन-तीन मीटर लांब काढा.

बँडचं विचाराल तर यार्डासाठी मी आता ८६५ मेगाहर्ट्झकडे झुकलोय. मोकळ्या हवेत १०० मीटरला २.४ गिगाहर्ट्झचं नुकसान ८० डीबी, ८६६ मेगाहर्ट्झचं ७१, म्हणजे तेवढ्याच ताकदीत आठपट सिग्नल, शिवाय ढिगाच्या कडेवरून थोडा वळतोही. ८६५ ते ८६८ आपल्याकडे लायसन्सशिवाय वापरता येतो, देशात काही ठिकाणी स्मार्ट मीटरचे आरएफ मेशही याच बँडमधे चालतात, पण यंत्राला डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याचं) इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल हवंच, कागद मागून घ्या. एक मात्र बघा, ऑनलाइन मिळणारी स्वस्त ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूल कोणी गळ्यात मारली तर घेऊ नका. ती अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ च्या बँडसाठी आहेत, आपल्याकडे ८९० ते ९१५ मधे मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. तुम्ही तुमच्या बेअरिंगचं टेंपरेचर मोबाइल कंपनीच्या रिसीव्हरच्या कानात ओरडणार, आणि एक दिवस गाडी घेऊन माणसं दारात येतील.

आता दोन क्रेन. इथे मेश नको, हॉप नको, नेटवर्क मॅनेजर नको. दोनच जण आहेत, सरळ एकमेकींशी बोलू द्या. मी हे एका ठिकाणी ईएसपी-नाऊवर केलं होतं, छोटे वाय-फायचे बोर्ड असतात ते राऊटरशिवाय एकमेकांना छोटं पॅकेट थेट पाठवतात, काही मिलिसेकंदात पोचतं, खर्च नगण्य. दोन महिने सुंदर चाललं. मग ऑफिसातून मागणी आली की क्रेनची पोझिशन स्क्रीनवर दिसायला हवी, मी एका बोर्डाला प्लांटच्या वाय-फायलाही जोडून दिलं, दहा मिनिटांचं काम. या बोर्डात रेडिओ एकच असतो, वाय-फाय राऊटर ज्या चॅनेलवर तिथेच त्याला जावं लागतं. राऊटर ऑटोवर होता. एका दुपारी त्याला वाटलं ६ वर गर्दी झाली, तो ११ वर गेला, एक क्रेन त्याच्यामागे ११ वर गेली आणि दुसरी ६ वर तिला हाका मारत बसली.

नशीब की मी वॉचडॉग ठेवला होता, ३०० मिलिसेकंदात समोरून काही आलं नाही तर दोन्ही क्रेन थांबतात. थांबल्या. दोन तास अनलोडिंग बंद, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग गेटबाहेर हमरस्त्यापर्यंत, आणि केन मॅनेजरने मला ज्या शब्दांत बोलावलं ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. बेस स्टेशन नको म्हणून केलेल्या सिस्टिममधे मी माझ्याच हाताने एक बेस स्टेशन मागच्या दाराने आणून बसवलं होतं, आणि त्याचा मुकादम होता ऑफिसातला राऊटर. तुम्ही करणार असाल तर क्रेनची लिंक ही फक्त क्रेनचीच ठेवा, ऑफिसला डेटा हवा तर वेगळा बोर्ड, वेगळा रेडिओ, मधे सिरीयल केबल.

आणि रेडिओवर जीव टांगू नका. दोन क्रेन ताशी नाही, मिनिटाला ४० मीटरने समोरासमोर येतायत धरा, म्हणजे सेकंदाला मिळून १.३ मीटर, त्या ३०० मिलिसेकंदात ४० सेंटिमीटर गेले, ब्रेक लागून थांबायचं अंतर वेगळं. त्यामुळे लेझर सेन्सर आणि लिमिट स्विच आहेत ते काढायचे नाहीत. इमर्जन्सी स्टॉप रेडिओवरून न्यायचाच असेल तर सेफ्टी प्रोटोकॉल वापरा, त्यात रेडिओ हा काळा पाइप समजतात, त्यावर कसलाच विश्वास नाही, प्रत्येक संदेशाला नंबर, वेळ, सीआरसी (संदेश बिघडलाय का ते पकडणारा आकडा), आणि ठरलेल्या वेळात चांगला संदेश आला नाही तर मशीन बंद. 'थांब' असा संदेश पाठवून थांबवायचं नसतं, 'चालू दे' असा संदेश येणं बंद झालं की थांबायचं असतं. तुमच्या क्रेनच्या चांगल्या रिमोटमधे आजही हेच चालतं, बॅटरी काढून बघा.

प्रायव्हेट ५जीवाला साइडलिंक दाखवेल, म्हणेल आमच्यातही बेस स्टेशनशिवाय लोडर लोडरशी बोलतो. स्टँडर्डमधे ते आहे, खरं आहे. ४जीच्या स्टँडर्डच्या रिलीज १२ या आवृत्तीत २०१५ साली पोलीस-फायर ब्रिगेडसाठी आलं, रिलीज १४ मधे गाड्यांसाठी, २०२० च्या रिलीज १६ मधे ५जीत. दोन मोड असतात, एकात पाळी बेस स्टेशनच देतं, दुसऱ्यात यंत्रं स्वतः ठरवतात. स्वतः कशी, तर गाड्यांच्या ४जीवाल्यात प्रत्येक जण मागचा एक सेकंद कान देऊन ऐकतो, कोणत्या जागा मोकळ्या वाटतायत ते बघतो, त्यातली एक चिठ्ठी टाकून उचलतो आणि पुढचे काही वेळा तीच धरून ठेवतो. आता दोघांनी एकदम तीच जागा उचलली तर? बोलताना कोणालाच स्वतःच्या वेळेचं ऐकू येत नाही, त्यामुळे दोघांनाही कळत नाही की आपण आदळतोय. १०० मिलिसेकंदाला एक संदेश असेल तर जागा ५ ते १५ वेळा धरतात, म्हणजे अर्धा ते दीड सेकंद दोघं मुके, आणि नंतरही बदलतीलच असं नाही. हायवेवर शंभर गाड्यांत हे चालून जातं. आणि घड्याळ? ते जीपीएसकडून येतं. पत्र्याच्या शेडखाली जीपीएस नाही, मग एखादा लोडर पुढारी होऊन सगळ्यांना ठोका देतो. परत मुकादम! आमचा हाच विनोद आहे, कोणतंही स्टँडर्ड उघडा, तिसाव्या पानापर्यंत मुकादम सापडतोच. तुमच्या तीन लोडरसाठी मी आज हे घेणार नाही, मॉड्यूल मुख्यतः गाड्यांसाठी बनतात आणि स्पेक्ट्रम तुमच्या नावावर नाही. कॅप्टिव्ह, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या, नेटवर्कचे नियम २०२२ मधे आलेत, पण ते कागद, ते कोर, ते मेंटेनन्स, ६० बेअरिंगसाठी म्हणजे बैलगाडीला टर्बाइन लावण्यातला प्रकार. उद्या यार्डभर कॅमेरे आणि बिनड्रायव्हरचे लोडर आणणार असाल तर त्या वेंडरला परत बोलवा, तेव्हा तो बरोबर असेल.

ज्याच्यावर मी लक्ष ठेवून आहे ते म्हणजे डेक्ट एनआर प्लस. घरातल्या कॉर्डलेस फोनचं जे डेक्ट, त्याचा नवा अवतार, २०२० मधे युरोपात स्टँडर्ड झालं आणि २०२२ मधे आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने) ५जीच्या कुटुंबात घेतलं, सेल्युलर नसलेलं पहिलंच. यात ऑपरेटर नाही, सिमकार्ड नाही, कोणताही नोड गरज पडली तर आसपासच्यांचा पुढारी होतो, स्वतः बीकन (वेळेचा ठोका) देतो, आणि पुढारी मेला की बाकीचे दुसरा बघतात. म्हणजे यांनी मुकादम काढला नाही, मुकादमकी फिरती केली, आणि मला ते प्रामाणिक वाटतं. जुन्या लोकांना आठवत असेल, नव्वदीत आयआयटी मद्रासने डेक्टवरच कॉर्डेक्ट बनवून वायरशिवाय टेलिफोन दिले होते, त्यामुळे आपल्याला हे घराणं नवीन नाही. पण युरोपात याला १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ मोकळा आहे म्हणून इथेही आहे असं धरू नका, वेंडरकडून आधी लेखी घ्या की कोणत्या बँडसाठी अप्रूव्हल आहे. या हंगामाला नको, दोन हंगामांनी बघू.

मी तुमच्या जागी असतो तर, ६० पॉइंटला मेश, दोन गेटवे, एक मिल हाऊसला आणि एक बॉयलरच्या बाजूला, अपडेट ३० सेकंद, फार तर टर्बाइनचे चार-सहा पॉइंट १० सेकंदाला, आणि तेही जिथे केबल आधीच आहे तिथे केबलनेच, वायरलेसची हौस करू नका. जॉइन की (नोडला नेटवर्कात घेणारा पासवर्ड) बनवणाऱ्या कंपनीकडून आलेली तशीच ठेवू नका, एईएस-१२८ चं कुलूप लावून किल्ली दाराला लटकवल्यासारखं असतं ते, दोन ठिकाणी मी सगळ्या नोडना एकच डिफॉल्ट की बघितलीय. क्रेनला वेगळी थेट लिंक. लोडरला आत्ता काही नको, हॉर्न आणि आरसे नीट करा.

वॉकी-टॉकीचं राहिलं. माणसं पाव-अर्ध्या किलोमीटरमधे असतील तर रिपीटर नको, डायरेक्ट मोड पुरतो, एवढा पत्रा आणि लोखंड असलं तरी. लायसन्सशिवाय हवे तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवाले कमी ताकदीचे सेट घ्या, अप्रूव्हल बघून, ते ऑनलाइन मिळणारे सगळ्या बँडवर ओरडणारे पाच वॉटवाले नकोत. ते कमी पडले तर लायसन्स काढून डीएमआर, म्हणजे डिजिटल वॉकी-टॉकी. एकाच चॅनेलवर दोन बोलणी एकदम चालतात असं डीएमआरचा सेल्समन सांगेल, ते रिपीटरवर सहज होतं कारण ठोका रिपीटर देतो. डायरेक्ट मोडमधे दोन स्लॉट हवे असतील तर सेटमधे तशी सोय आहे का विचारा, तिथे सेट आपापसात एक टायमिंग लीडर निवडतात. आणि तो लीडर चार्जिंगला लावला की दुसरा लीडर होईपर्यंत काय होतं ते डेमोमधेच करून बघा, शिफ्ट बदलायच्या वेळी, तीन वाजता, जेव्हा अर्धे सेट एकदम चार्जरवर जातात.